यशाचा खासगी हिशेब

आमच्या खासगी बाजारातल्या घरात पुस्तकं तीन वाटांनी येतात. शास्त्राची मंदिरातून, मुलांची शाळेतून, आणि मराठी पुस्तकं माझ्या माहेराहून, म्हणजे सोलापूरहून. गेल्या कार्तिकात चौथ्या वाटेनं एक पुस्तक आलं. धाकट्या सुनेच्या ऑफिसातून. तिच्या साहेबांनी ते तिला भेट दिलं होतं. आणि भेटीचं निमित्त काय, तर त्याच आठवड्यात तिची बढती हुकली होती.

सून एका कंपनीत हिशेबाच्या कामाला आहे. सहा वर्षं झाली. तिच्यानंतर दोन वर्षांनी आलेल्या मुलाला वरची जागा मिळाली. लेखी कारण कुणी दिलं नाही. तोंडी एवढंच, की तुमचं काम चोख आहे, पण तुमच्यात ती तळमळ दिसत नाही. आणि हातात पुस्तक. शेरिल सँडबर्ग यांचं 'लीन इन'.

घरी आल्यावर तिनं ते फ्रिजवर ठेवलं. चार दिवसांनी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आई, सोडून द्यावी म्हणते नोकरी. मनच लागत नाही." आणि माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "नाही लागत तर सोड. घरी काय कमी आहे?"

या माझ्या वाक्याकडं मी शेवटी परत येणार आहे. आधी पुस्तकाचं सांगते. सुनेनं उघडलं नाही ते मीच उघडलं. माझं इंग्रजी कामापुरतं, अडलं तिथं नातीला विचारलं. दीड महिना लागला. मंदिरातल्या दुपारच्या स्वाध्यायानंतर बहिणी विचारायच्या, "काय वाचता आहात एवढं? कसं आहे?" तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. ते उत्तर म्हणून हे लिहिते.

पुस्तक काय म्हणतं

'लीन इन' २०१३ साली निघालं. सँडबर्गबाई तेव्हा फेसबुक कंपनीत दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकारी होत्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बायकांच्या वाटेत बाहेरचे अडथळे आहेतच, पण बायका स्वतःलाही मागं खेचतात. पुढं सरकून बसत नाहीत, हात वर करत नाहीत, मोठं काम आलं तर 'मला जमेल का' असं आधी स्वतःलाच विचारतात.

यातलं सगळं खोटं म्हणून झटकून टाकता येत नाही. एका मोठ्या सरकारी माणसाबरोबरच्या बैठकीचा प्रसंग त्यांनी दिला आहे. बरोबर आलेल्या बायका टेबलाशी जागा असूनही कडेच्या खुर्च्यांवर जाऊन बसल्या. हे वाचताना मला हसू आलं आणि मग आलं नाही. आपल्या समाजाच्या सभेत काय होतं? आपण भिंतीशी बसतो, आणि वर्षाचा हिशेब वाचायला घेतला की चहाची व्यवस्था बघायला उठतो. कुणी उठवत नाही आपल्याला. आपणच उठतो.

दुसरी गोष्ट अशी, की मुलगी नोकरी प्रत्यक्ष सोडण्याच्या कितीतरी आधी मनानं सोडून बसते. लग्न ठरायचंय, मूल व्हायचंय, बदली होईल, म्हणून आजच नवीन जबाबदारी नको म्हणते. काम त्यामुळं रोजचंच, कंटाळवाणं उरतं. मग सोडायची वेळ येते तेव्हा सोडताना काही वाटतही नाही. हे निरीक्षण पक्कं आहे. आपल्या ओळखीतल्या चार मुली तरी डोळ्यांपुढं येतील.

आणखी एक. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात एकाच माणसाची कर्तबगारी विद्यार्थ्यांच्या दोन गटांना वाचायला दिली. एका गटाच्या कागदावर नाव बाईचं, दुसऱ्याच्या कागदावर पुरुषाचं. हुशार दोघंही ठरली. पण पुरुष आवडला, बाई आवडली नाही. सँडबर्गबाई हा प्रयोग सांगतात म्हणजे अडथळे त्यांना दिसत नाहीत असं नाही. तेव्हा त्यांच्यावर उगाच आरोप करायचा नाही.

मग अडतं कुठं?

दोन वह्या

आपल्या गल्लीच्या नावातच त्याचं उत्तर आहे. मराठी संस्थानांत 'खासगी' हा शब्द राजघराण्याच्या घरच्या मिळकतीला आणि खर्चाला लावत. दौलतीचा हिशेब वेगळा, खासगीचा वेगळा. इंदूरच्या होळकरांकडं तर खासगीची जहागीर राण्यांच्या ताब्यात असे, आणि अहिल्याबाईंनी देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या त्या या खासगीतून. वह्या दोन होत्या, पण दोन्ही लिहिल्या जात होत्या.

यशाच्या पुस्तकांत दौलतीची वही उघडी असते. किती वर्षांत कुठली पायरी, कोणती कंपनी, किती माणसं हाताखाली. खासगीची वही मात्र बहुधा मिटलेली. सकाळी डबा कुणी भरला, मूल तापानं फणफणलं तेव्हा कोण थांबलं, सासऱ्यांच्या औषधाची वेळ कुणाच्या डोक्यात होती, याचं पान नाही. सँडबर्गबाईंनी नवऱ्यानं घरात बरोबरीचा वाटा घ्यावा यावर एक पूर्ण प्रकरण लिहिलं आहे. पण ते वाचताना असं वाटतं, की असा नवरा ही निवडीची गोष्ट आहे, चांगला बघून घ्यावा, झालं. पुढं २०१५ मध्ये त्यांचे पती अचानक गेले. वर्षभरानं त्यांनी स्वतःच जाहीरपणे लिहिलं, की एकटीनं घर आणि नोकरी सांभाळणं किती अवघड असतं हे पुस्तक लिहिताना आपल्याला पुरतं कळलं नव्हतं. ही कबुली मला पुस्तकाहून मोठी वाटते. ज्यांना अजून ते पुस्तक वाचायचं आहे, त्यांनी ही गोष्ट मनात ठेवून वाचावं.

आपल्यातली एक गोष्ट

ही चूक परदेशी पुस्तकांचीच, असं मात्र समजू नका. आपण आपल्या यशाच्या कथा कशा सांगतो? मी सोलापूरची, तेव्हा वालचंद हिराचंद हे नाव लहानपणापासून कानावर. सोलापूरच्या जैन घरातला मुलगा, जन्म १८८२ चा. पुढं जहाजं, विमानांचा कारखाना, मोटारी. सोलापुरात ही गोष्ट ऐकली आणि लग्न होऊन ग्वाल्हेरला आले तर तीच गोष्ट इथंही, कारण तिचा एक धागा इथला आहे. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या महाराजांनी एक मोठी बोट इस्पितळासाठी घेतली होती, 'लॉयल्टी' नावाची. वालचंद आणि त्यांच्या भागीदारांनी ती विकत घेतली, कंपनीला शिंद्यांचं नाव दिलं, आणि १९१९ च्या ५ एप्रिलला ती मुंबईहून इंग्लंडला निघाली. तो दिवस आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात.

समाजाच्या कार्यक्रमात गोष्ट इथं थांबते. टाळ्या पडतात. पण पुढचं पान असं आहे, की त्या बोटीनं फायदा दिला नाही, आणि चार वर्षांत, १९२३ मध्ये, ती मोडीत गेली. कंपनी टिकली, ती नंतरच्या साध्या मालवाहू बोटींवर आणि ब्रिटिश कंपन्यांनी पाडलेल्या दरांना तोंड देत. आणि मागचं पान असं, की वालचंदांची सुरुवात झाली ती लक्ष्मणराव फाटक या माणसाबरोबर. फाटक रेल्वेतले कारकून. नोकरी सोडून ठेकेदारीत उतरलेले. काम त्यांना ठाऊक, भांडवल वालचंदांकडं. घरच्या पेढीत ज्या मुलाचं मन लागत नव्हतं त्याला काम सापडलं, ते या जोडीमुळं. आपण पोरांना सांगतो, 'वालचंदांसारखं स्वप्न बघा.' स्वप्नाच्या आधी एक कारकून भेटला होता, आणि गाजलेली बोट तोट्यात गेली होती, हे सांगत नाही. ते सांगितलं तर स्वप्न लहान होतं असं मला वाटत नाही. उलट ज्याची पहिली बोट बुडीत खात्यात गेली आहे अशा मुलाला धीर येईल.

आपल्या बायकांची पुस्तकं

हे सगळं डोक्यात असताना मी माहेरून आणलेल्या पुस्तकांतली दोन पुन्हा काढली. दोन्ही शंभरीच्या आसपासची. ही पुस्तकं आपण 'त्यागाची' म्हणून वाचतो. मी या वेळी कामाची पुस्तकं म्हणून वाचली.

पहिलं रमाबाई रानड्यांचं, 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी'. १९१० चं. इथं खासगीची वही अशी उघडी टाकली आहे की आपण चकित व्हावं. अकराव्या वर्षी लग्न, नवरा वीसएक वर्षांनी मोठा, शिकवण्याचा त्याचा हट्ट, आणि घरातल्या वडील बायकांचा त्या शिकण्याला कडवा विरोध. बाहेर इंग्रजीत निवेदन वाचून यावं आणि घरी स्वयंपाकघरात टोमणे ऐकावेत. नवऱ्याला उत्तर द्यायचं नाही, सासरच्या बायकांनाही नाही, आणि अभ्यास चुकवायचा नाही. घरचं राजकारण इतक्या बारकाईनं आणि इतक्या कमी कडवटपणानं लिहिलेलं मी दुसरीकडं वाचलेलं नाही.

पण या पुस्तकात एक मोठी उणीव आहे, आणि ती समीक्षकांनी सांगायला हवी. पुस्तक १९०१ साली, रानडे गेले तिथं संपतं. रमाबाईंचं स्वतःचं मोठं काम त्यानंतरचं. १९०९ मध्ये पुण्याचं सेवासदन, बायकांना परिचारिकेचं आणि शिक्षिकेचं शिक्षण, येरवड्याच्या तुरुंगातल्या स्त्री-कैद्यांना भेटणं. ज्या पुस्तकामुळं आपण त्यांना ओळखतो, त्यात त्यांचं काम नाही! ज्या बाईनं एवढी मोठी संस्था चालवली तिनं स्वतःची दौलतीची वही लिहिलीच नाही. विनय म्हणा, काळ म्हणा. पण आपल्याकडं बायका अजून हेच करतात. नवऱ्याच्या दुकानाचा जीएसटी भरणारी, माल मोजून घेणारी बाई विचारलं तर सांगते, "मी काही करत नाही, घरीच असते."

दुसरं पुस्तक पार्वतीबाई आठवल्यांचं, 'माझी कहाणी', १९२८. हे मला आज जास्त जवळचं वाटलं. तरुणपणी विधवा झालेली बाई. तिची बहीण म्हणजे आनंदीबाई कर्वे. त्या बहिणीच्या घराचा आधार मिळाला म्हणून पार्वतीबाई शिकल्या, हिंगण्याच्या आश्रमात आल्या, आणि पुढं वर्षानुवर्षं गावोगाव फिरून आश्रमासाठी वर्गणी गोळा करत राहिल्या. वर्गणी मागणं हे काम कसं असतं ते आपल्याला ठाऊक आहे. पर्वाच्या दिवसांत मंदिराच्या निधीसाठी चार दुकानं चढून उतरलो तरी तोंड उतरतं. ह्या बाईनं ते परक्या गावात, विधवेच्या वेषात, लोकांची बोलणी ऐकत केलं. मग पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९१८ मध्ये, इंग्रजी यावं म्हणून अमेरिकेला गेल्या. हाताशी पैसे नाहीत. म्हणून तिथं लोकांच्या घरी घरकाम केलं, आणि ते त्यांनी लिहून ठेवलं. लपवलं नाही, त्याचा बडेजावही केला नाही.

या पुस्तकात दोन्ही वह्या उघड्या आहेत. आधार कुणाचा होता तेही आहे, आणि काम काय केलं, कुठं जमलं, कुठं नाही, तेही आहे. आणि आजच्या प्रेरणेच्या पुस्तकांना उलटं करणारी एक गोष्ट आहे. पार्वतीबाईंच्या मनात आधी जिद्द पेटली आणि मग त्या कामाला लागल्या, असा क्रम नाही. आधी पोटाचा आणि मुलाचा प्रश्न. मग काम. काम करता करता दिसलं, की आपण हिंडलो तर आश्रमातल्या मुली जेवतात. तिथं मन लागलं. मन लागणं हे कामाच्या पोटातून आलं. आज ऑफिसात माणसाला आधी मन लावायला सांगतात, आणि त्याच्या हातातलं काम कुणाच्या उपयोगी पडतं हे मात्र त्याला दिसू देत नाहीत.

निदान

इथं एक जैन शब्द आठवला. आपल्या शास्त्रात तीन शल्यं सांगितली आहेत: माया, मिथ्यात्व आणि निदान. निदान म्हणजे व्रत-तप करताना त्याच्या बदल्यात अमुक भोग, अमुक वैभव मिळो अशी मनात धरलेली मागणी. तप बाहेरून तेच दिसतं, पण आत काटा सलत असतो. उपास चालू आणि डोळा फळावर.

यशाची बरीच पुस्तकं मला या निदानाची पुस्तकं वाटतात. पहाटे उठा, कशासाठी? वर जायला. लोकांचं ऐका, कशासाठी? ती आपल्या बाजूला यायला. सवय चांगली, हेतूत काटा. मग बढती हुकली की सहा वर्षांचं चोख कामही फुकट गेल्यासारखं वाटतं, कारण ते बढतीच्या नावावर लिहिलेलं होतं.

मात्र, बहिणींनो, या शब्दाचा दुरुपयोगही मी घरोघरी पाहिला आहे. 'फळाची आशा धरू नये' हे नेमकं बाईलाच सांगतात, आणि ते सांगणारा स्वतः दुकानाचा नफा पैशापैशानं मोजत असतो. केलेल्या कामाचं योग्य मोल मागणं हे निदान नव्हे. तो व्यवहार आहे, आणि व्यवहारात खोटं माप चालवून घेणं आपल्या अचौर्याच्या व्रतात बसत नाही. देणाऱ्यानं कमी माप देऊ नये. घेणाऱ्यानं ते निमूट घेण्यात पुण्य नाही.

कधी कधी तर मनाचा प्रश्नच नसतो, दाराचा असतो. इंदूरला जन्मलेल्या कमला भागवत, पुढं सोहोनी, १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत प्रवेश मागायला गेल्या. गुणांत त्या कुठं कमी नव्हत्या. संचालक सी. व्ही. रामन. बाई म्हणून नकार. त्या हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभर पारखून बघू अशा अटीवर घेतलं. १९३९ मध्ये त्याच बाई केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन आल्या. त्यांना कुणी 'मन लावा' असं पुस्तक भेट दिलं असतं तर काय उपयोग होता? मन लागलेलंच होतं. दार लागलेलं होतं.

ग्वाल्हेरात १९६१

आता आपल्या गावाचं. मराठी साहित्य संमेलनं १८७८ पासून भरतात. अध्यक्षाच्या खुर्चीत पहिल्यांदा बाई बसली ती १९६१ मध्ये, आणि ती आपल्या ग्वाल्हेरात. कुसुमावती देशपांडे. पुण्या-मुंबईला जे सुचलं नाही ते इथं घडलं, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही. पण मी आमच्या मंडळात विचारलं तर वीस जणींत दोघींना ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकीला 'कवी अनिलांच्या पत्नी' एवढंच.

त्या अनिलांच्या पत्नी होत्याच. अनिल तीन वर्षं आधी, मालवणच्या संमेलनाचे अध्यक्ष होते. पण कुसुमावती लंडनला जाऊन इंग्रजी साहित्य शिकलेल्या, नागपुरात वर्षानुवर्षं प्राध्यापक, पुढं दिल्लीला आकाशवाणीवर स्त्रिया आणि मुलांच्या कार्यक्रमांच्या निर्मात्या, कथाकार, आणि मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा आढावा घेणाऱ्या समीक्षक. इथल्या संमेलनानंतर त्याच वर्षी त्या गेल्या.

त्यांच्या टीकालेखांच्या पुस्तकाचं नाव 'पासंग'. आपण दुकानदारांच्या घरच्या, आपल्याला हा शब्द समजावून सांगायला नको. तराजूचं एक पारडं मुळातच हलकं असलं की बरोबरीसाठी त्याला जे वजन बांधतात ते पासंग. माझ्या सासऱ्यांच्या जुन्या तराजूला लोखंडी कडी बांधलेली होती. माल मोजायच्या आधी ते रिकामी पारडी उचलून बघायचे. म्हणायचे, "आधी रिकामा तराजू बघ, मग माप बघ."

सुनेचं 'मन लागत नाही' मी मोजलं ते तराजू न बघता.

रिकामा तराजू

फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५९ मध्ये कामातल्या प्रेरणेवर एक पुस्तक काढलं. पिट्सबर्गच्या भागातल्या दोनशेच्या आसपास इंजिनियर आणि हिशेबनीसांना त्यानं विचारलं, कामात बरं कधी वाटलं आणि वाईट कधी. उत्तरांच्या दोन वेगळ्या याद्या झाल्या. पगार, साहेबाचं वागणं, नियम, बसायची जागा, हे बिघडलं तर माणूस वैतागतो, पण हे नीट असलं म्हणून मन लागतंच असं नाही. मन लागतं ते दुसऱ्या यादीनं: काम पार पडल्याचं समाधान, कुणी ते ओळखणं, कामाची गोडी, जबाबदारी, पुढं जायला मिळणं. विचारलेली माणसं एकाच धाटणीची होती, आणि घरी त्यांचा स्वयंपाक कोण करत होतं हे काही त्यानं मोजलं नाही. तरी ह्या दोन याद्या कामाच्या आहेत. मी त्या कागदावर काढल्या आणि सुनेपुढं ठेवल्या.

पहिल्या यादीत तिची फारशी तक्रार नव्हती. पगार वेळेवर. दुसऱ्या यादीत 'ओळखणं' आणि 'पुढं जाणं' या दोन ओळींवर तिनं बोट ठेवलं आणि गप्प बसली. मग म्हणाली, "आई, तळमळ दिसत नाही म्हणजे काय, तर मी संध्याकाळी थांबत नाही. महत्त्वाचं बोलणं सगळं सहानंतर होतं. आणि मी पाचला पर्स उचलते."

पाचला का उचलते? आमच्याकडं सूर्यास्तानंतर जेवण नाही. मार्गशीर्षात आपल्या ग्वाल्हेरात दिवस साडेपाचच्या सुमाराला मावळतो. सहा वर्षं ती हिवाळ्यात धावत येते, चप्पल काढते ती थेट ओट्याशी. मी ओट्याशेजारी खुर्चीवर बसून 'आज उशीर झाला गं' म्हणते. नियम सगळ्या घराचा. पण तो पाळायचा खर्च एकटीच्या खात्यावर, तोही तिच्या ऑफिसच्या खात्यावर!

आता माझं. मी अकरा वर्षं एका शाळेत गणित शिकवलं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा सोडलं. त्याला माझी ना नाही, त्यांची सेवा मी मनानं केली. पण त्याच्या आधीची दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत होते की आता शाळेत मन लागत नाही. खरं असं होतं, की पहाटे चारला उठून आणि रात्री अकराला पाठ टेकून माझी झोप होत नव्हती, आणि शाळेत वरचे वर्ग मागितले तर 'तुम्हाला घरचं बघायचं असतं' म्हणून दिले नव्हते. दमणुकीला मी कंटाळा म्हटलं. कारण कंटाळा म्हटलं की कुणावर काही येत नाही. त्या वेळी सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "नाही लागत तर सोड. घरी काय कमी आहे?"

शब्द न् शब्द तेच. मी ते तीस वर्षं जपून ठेवले आणि सुनेला दिले.

मग पुस्तक वाचावं की नाही

वाचावं. भिंतीशी बसायची सवय मोडायला 'लीन इन' उपयोगी आहे, आणि ती सवय आपल्याला आहे. पण कुठलंही यशाचं पुस्तक, भाषण, समाजाच्या अंकातला सत्काराचा लेख वाचताना तीन प्रश्न शेजारी लिहून ठेवावेत. या माणसाचं घर कोण चालवत होतं? त्याची कुठली बोट बुडाली? आणि दार उघडं होतं की ढकलावं लागलं? उत्तर पुस्तकात नसेल तर पुस्तक अर्धं आहे, एवढं समजून पुढं वाचावं. आणि एखादी मुलगी 'मन लागत नाही' म्हणाली तर लगेच धीर देऊ नये, लगेच सोडही म्हणू नये. तिची दिवसाची वही मागावी, सकाळपासून रात्रीपर्यंतची. आधी रिकामा तराजू.

आमच्या घरी सध्या असं चाललंय. हिवाळ्यातली संध्याकाळची भाजी-पोळी माझ्याकडं. गुडघे दुखतात, तेव्हा पोळ्या मुलगा लाटतो. पहिले आठ दिवस त्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यासारख्या निघाल्या, लांबच लांब. आता बऱ्या येतात. सून दुसरा डबा घेऊन जाते आणि सव्वापाचला ऑफिसातच जेवते, मग गरज पडली तर थांबते. आणि तिनं साहेबांना एक पत्र लिहिलं. भांडण नाही, रडगाणं नाही. सहा वर्षांत काय काय काम केलं ते ओळीनं, आणि खाली एकच विचारणा: वरच्या जागेसाठी कोणत्या गोष्टी पाहतात ते लेखी कळावं. पत्र पाठवायच्या आधी तिनं मला वाचायला दिलं. मी एके ठिकाणी 'थोडंफार' हा शब्द खोडला.

उत्तर अजून आलेलं नाही. येईल, न येईल. दुसरीकडं अर्ज करायचा का, तेही ती बघते आहे. पण नोकरी सोडायचं बोलणं परत निघालेलं नाही.

फ्रिजवरचं पुस्तक आता मंडळातल्या एकीकडं गेलं आहे, तिच्या मुलीसाठी. जाताना मी आत पेन्सिलीनं ते तीन प्रश्न लिहिले आहेत. 'माझी कहाणी' सुनेच्या उशाशी असते. काल रात्री दिवा मालवताना विचारत होती, "आई, पार्वतीबाई अमेरिकेत गेल्या तेव्हा त्यांच्या बरोबर कोण होतं हो?"

मी म्हटलं, "वाच पुढं."